हौशीची शू आणि घरातली माणसं

हे बघ, आधी ते फडकं खाली ठेव, हात धू आणि जरा टेक. सकाळपासून किती वेळा फरशी पुसलीस ते फोनवरच्या तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. आणि वर म्हणतेस काय, "ताई, हे पिल्लू मुद्दाम करतंय गं!" नाही गं बाई. मुद्दाम करायचं तर आधी धरून ठेवता यावं लागतं, आणि दोन महिन्यांच्या जिवाला नेमकं तेच येत नाही. मूत्राशय एवढंसं, त्यावरचा ताबा अजून तयार व्हायचाय. चार महिन्यांची झाली की जरा जमू लागेल, सहा महिन्यांपर्यंत बरंच जमेल, आणि अधूनमधून चूक मात्र वर्षभर होत राहील. तू कुठे कमी पडतेयस म्हणून हे होत नाहीये, एवढं डोक्यातून काढून टाक.

तुझ्या दिराने पिल्लू आणलं हे ऐकून मला आनंद झाला आणि लगेच तुझी काळजीही वाटली. वाडी रत्नागिरीवर, जोतिबाच्या डोंगरावर, पुजाऱ्याचं घर. दार उघडलं की भाविकांची वाट, रविवारी यजमान मंडळींच्या पंगती, आत देवघर, सासूबाईंचं सोवळं, तुझं रांगतं लेकरू, आणि त्यात आता ही चार पायांची हौशी. तू मोबाईलवर बघतेस त्या व्हिडिओतल्या बाईच्या मागे हिरवंगार लॉन असतं. तुझ्या मागे नारळाची पोती असतात. तिचं सगळं तसंच्या तसं तुझ्याकडे कसं चालेल? आपण आपल्या घराचं बघू.

पहिली गोष्ट अशी की कुत्र्याच्या पिलाला झोपायच्या जागी घाण करायला मुळातच आवडत नाही. पहिले दोन-अडीच आठवडे आईच चाटून साफ करते, मग पाय फुटले की पिल्लं आपण होऊन जागेपासून लांब सरकून शू करतात. ही समज ती घेऊनच आलेली असते. तुझं काम एवढंच, की "झोपायची जागा" म्हणजे फक्त तिची वाकळ नाही, अख्खं घर, हे तिला हळूहळू कळू द्यायचं. खरं सांगू का, यात पिलाला शिकवण्यापेक्षा माणसांनी वेळ पाळण्याचा भाग मोठा आहे. पिल्लू चुकलं म्हणजे घरातल्या कुणाची तरी वेळ चुकली असं धर, म्हणजे निम्मा राग जातो.

वेळ कोणती? झोपून उठली रे उठली की लगेच. खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत, कारण पोटात अन्न पडलं की आतडं हलतं, तान्ह्या बाळाचं होतं तसंच. खेळून खेळून दमली की, कोंडलेली बाहेर काढली की, आणि रात्री झोपायच्या आधी. याशिवाय जागी असताना सुरुवातीला दर पाऊण-एक तासाने. झोपेत जास्त धरता येतं. त्याचा ठोकताळा असा की जितके महिने तितके तास आणि वर एक. हौशी दोन महिन्यांची, म्हणजे फार तर तीन तास. तेही झोपलेली असली तरच हं, पळापळ करत असली तर नाही.

आणि तिच्याकडे लक्ष असू दे. खेळता खेळता एकदम थांबली, नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली, कोपरा हुंगायला लागली, की तेवढ्यात उचल आणि परसात ने. तुला दिवसभर डोळे लावून बसायला वेळ नाही हे मला माहितेय. मग एक कर, तिचा हलका पट्टा तुझ्या कमरेला बांध, पूर्वी किल्ल्यांचा जुडगा असायचा तिथे. तू धान्य निवडायला बसलीस की ती शेजारी, तू कपडे वाळत घालायला गेलीस की ती मागे. नजरेआड कोपऱ्यात जाऊन कार्यक्रम उरकायची सोयच राहणार नाही.

परसात एकच जागा ठरव. मागच्या पत्र्याच्या शेडखाली, नळापासून लांब, जिथे भटकी कुत्री येत नाहीत अशी. रोज तिथेच ने, उभी राहा, गप्पा मारू नकोस, खेळवू नकोस. "सू कर" म्हण किंवा आणखी काही म्हण, पण शब्द एकच ठेव आणि सगळ्यांनी तोच वापरा. तुझं "सू कर", दिराचं "गो, गो", सासूबाईंचं "झालं का गं बाई", आणि मामंजींचं "हाड"! त्या पिलाने कुणाचं ऐकायचं? मामंजींना तर आधी सांग, की "हाड" हे तिचं नाव नाही.

तिने केलं, की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि तोंडात काहीतरी. पनीरचा चिमूटभर तुकडा, गाजराची चकती, वाळक्या चपातीचा तुकडा, काही चालेल. पण घरात आल्यावर नको. घरात येऊन दिलंस तर तिला वाटेल घरात येण्याचं बक्षीस मिळालं. आणि झाल्या झाल्या तिला उचलून आतही आणू नकोस. पिल्लं हुशार असतात गं. शू केली की बाहेरची मजा संपते हे कळलं की ती मुद्दाम लांबवतात. (हो, ते "मुद्दाम" मात्र खरं!) म्हणून झाल्यावर दोन मिनिटं हुंगू दे, बागडू दे, मग आत.

वर्तमानपत्रं पसरू नकोस. याच वयात पिलांच्या पायांना सवय लागते, कशावर करायचं याची. मातीवर लागली तर माती, कागदावर लागली तर कागद. आमच्या टिप्याला मी हौसेने पेपरवर शिकवलं होतं. तो इतका छान शिकला, की सकाळी दारात पडलेला ताजा पेपर सासऱ्यांच्या हातात जाण्याआधी त्याच्याकडून वाचून व्हायचा. तू सरळ मातीवर शिकव. आणि घरातली पायपुसणी, सतरंज्या महिना-दोन महिने उचलून ठेव. पायाला मऊ लागलं की पिलाला ती हक्काची जागा वाटते.

आता तो पिंजरा. तू म्हणालीस, सासूबाई नाराज आहेत, "मुक्या जिवाला कोंडायचं, पाप लागेल." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेक घरांत पिंजरा वापरतात तो कोंडायलाच. पण गावाकडे कोकरं, कोंबड्या डालग्याखाली झाकत होतोच की आपण. मांजर येऊ नये, कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणूनच ना? या पिंजऱ्याचा हेतूही तसाच आहे, फक्त यात पिलाला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्याहून फार मोठा मात्र नको. मोठा असला की एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला मोरी करते. ती वाढणार आहे म्हणून मोठा घेतलास तर मध्ये फळी लावून निम्मा बंद कर, आणि ती वाढेल तशी फळी मागे सरकव.

लोखंडी जाळीचाच पाहिजे असं नाही. सुताराकडून फळ्यांचा करून घेतलात तरी चालेल, फक्त हवा खेळली पाहिजे, खिळे आत आलेले नसावेत आणि रंगाचे पोपडे चाटायला मिळू नयेत. आत जाड वाकळ घाल. आणि ही तर धनगरवाड्यावरची, लांब तोंडाची, कंबर आत गेलेली म्हणतेस, म्हणजे कारवानीचा अंश असणारच. या जातीच्या अंगावर चरबी कमी आणि केस आखूड, त्यामुळे थंडी लवकर वाजते आणि नुसत्या फरशीवर कोपरं घासून घट्टे पडतात. कारवानीलाच पलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात बघ. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली होती. २००५ साली टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं, आणि लष्करानेही ही कुत्री घेतली. हे सगळं सासूबाईंना जेवताना सांग. आणि भैरवाचं वाहनच मुळी कुत्रं आहे, हेही हळूच सांगायला विसरू नकोस. देवघर आणि स्वयंपाकघर हौशीला बंद, हा त्यांचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. दाराला आडवी फळी लाव. त्यांचं मन राखलं तर उद्या त्याच तिला भाकरीचा तुकडा घालतील, लिहून ठेव.

तर पिंजऱ्याची ओळख कशी करून द्यायची? घाई अजिबात नको. पहिले काही दिवस दार उघडंच ठेव, बांधून ठेव म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही. आत खाऊ टाक आणि तू तुझ्या कामाला लाग. ती आपण होऊन जाईल, खाईल, बाहेर येईल. मग जेवणाची ताटली आधी दाराशी, मग मध्ये, मग अगदी आत. खाताना दार लोट, संपायच्या आत उघड. मग खाल्ल्यावर क्षणभर बंद, मग थोडं जास्त, मग तू खोलीतून बाहेर जाऊन परत ये. ती शांत असतानाच दार उघडायचं. ओरडताना उघडलंस, तर ओरडलं की दार उघडतं हा धडा ती एका फटक्यात शिकेल. पण हेही बघ, ती ओरडेपर्यंत थांबायची वेळच येऊ नये इतक्या बारीक पायऱ्या ठेव. जीव तोडून रडायला लागली, लाळ गाळायला लागली, दार चावायला लागली, तर तू दोन पायऱ्या पुढे गेलीस असं समज आणि मागे ये. काही पिल्लांना बंद दार सोसतच नाही. त्यांच्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण करून भागतं. हट्ट करू नकोस.

रागावलीस म्हणून कधीही आत घालायचं नाही, हे माझं ऐकच. तिची ती खोली आहे. तुझ्या रांगत्या छोट्यालाही आवर, हौशी आत गेली की हात घालायचा नाही, शेपूट ओढायची नाही. आणि गळ्यातला पट्टा काढूनच आत सोड, जाळीत अडकून फास बसतो. दिवसभरात एकूण कोंडायचं ते तिच्या झोपेपुरतं आणि तुझ्या हातातलं काम होईपर्यंत. सकाळी घातली ती दुपारी काढली, असं झालं तर ती आतच करणार. एकदा का स्वतःच्या घाणीत झोपायची सवय लागली, की ती उपजत समजच मरते. छोट्या पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढवलेल्या विकतच्या पिल्लांचं नेमकं हेच होतं, त्यांना शिकवायला दुप्पट वेळ लागतो. तुमची धनगरवाड्यावर उघड्यावर वाढलेली, त्या बाबतीत तू नशीबवान आहेस.

रात्रीचं सांगते. पहिले काही दिवस पिंजरा तुझ्या पलंगाशेजारी ठेव. कालपर्यंत आई आणि भावंडांच्या उबेत झोपलेली ती, आज एकदम पडवीत एकटी टाकली तर रडणारच. हात खाली सोडला तरी तिला वास येतो, धीर येतो. झोपायच्या आधी तास-दीड तास पाण्याचं भांडं उचल. दिवसभर मात्र पाणी कमी करू नकोस, शू कमी व्हावी म्हणून पिलाला तहानलेलं ठेवणं फार वाईट. मध्यरात्री एकदा गजर लावून ऊठ आणि तिला बाहेर ने, तिने उठवायची वाट बघू नकोस. दिवा मोठा लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, शू झाली की परत आत. पुढे हा गजर पाव-पाव तासाने उशिरा सरकवत न्यायचा. हे काम दिराकडे दे. पिल्लू आणायची हौस त्याची होती ना? मग मध्यरात्रीची हौसही त्याचीच.

आणि हो, रात्री तिला बाहेर अंगणात बांधून ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तिथेच मोडून काढ. पन्हाळा-जोतिबाच्या या डोंगरात बिबट्या असतो, ते काही तुला नव्याने सांगायला नको. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली होती. त्यांच्या एकूण खाण्यात, वजनाच्या हिशोबाने, ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेलं पिल्लू म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. मध्यरात्री शू करायला नेतानाही बॅटरी घेऊन, पट्ट्याला धरून, दाराजवळच.

आता तू मला विचारलंस की चुकली तर काय करू. करताना बघितलंस तर नुसती टाळी वाजव किंवा "ए" म्हण, तिचं लक्ष तुटेल, उचल आणि बाहेर ने. बाहेर पुरं केलं तर शाबासकी. आणि नंतर दिसलं, वाळलेलं, थंड झालेलं, तर तोंडातून शब्द काढायचा नाही, पुसून टाकायचं. नाक घाणीत घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं, कान पिळणं, हे आपल्याकडे सगळ्यांना येतं आणि यातून पिल्लू फक्त एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ती परसात तुझ्यासमोर करणार नाही आणि आत येऊन कपाटामागे करेल. तू म्हणशील, "तिचं तोंड बघ ना ताई, तिला कळतंय की चुकलंय!" ती घाबरलीय गं, तुझ्या चढलेल्या भुवया बघून. ही कारवानीची जात तर फारच मनाला लावून घेणारी, एकदा आवाज चढवलास की दिवसभर पलंगाखाली.

तुझा नवरा बाहेरून आला की ती आनंदाने शेपूट हलवत जागेवरच थेंब थेंब करते, ते वेगळं. ते शू करणं नाहीच म्हण ना, ते नमस्कार करणं आहे. त्यावर रागावलात तर वाढतं. आल्या आल्या तिच्याकडे बघू नका, परसात न्या, मग बसून हळू हात फिरवा. वाढत्या वयात आपोआप जातं.

पुसायचं कसं तेही ऐक, कारण तुझा सगळा भर फिनेलवर आहे. फिनेलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं. तिच्या नाकाला खालचा वास तसाच येतो आणि तो वास म्हणजे "इथे करायची असते" ही पाटी. शिवाय तुमची शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांत मुरतं ते निघता निघत नाही. आधी सुक्या फडक्याने दाबून टिपून घे, मग साध्या साबणाच्या पाण्याने पूस. वास जिरवणारं एन्झाइमचं औषध खाली कोल्हापुरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, मिळालं तर उत्तमच. आणि फिनेलवर पाय टाकून ती पाय चाटते हे विसरू नकोस.

आता ज्याबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस ते, म्हणजे खाणं. सगळं गणित तिथे बिघडलंय बघ तुमच्याकडे. "दूध-चपाती घालतो ताई, घरचं म्हशीचं दूध, दाट." अगं, आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब होतात. जुलाब लागलेल्या पिलाला कुठली वेळ नि कुठली जागा! दूध बंद कर. वेळेवर तीन-चार वेळा जेवण, ठरलेल्या तासाला, पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं. तोंडाला वेळ लागली की दुसऱ्या टोकालाही वेळ लागते, इतकं सोपं आहे. सहा महिन्यांनी दोन वेळा पुरे.

आणि तुमच्या दारात येणारे भाविक! पिल्लू दिसलं की जो तो काहीतरी पुढे करणार, कुणी पेढा, कुणी खोबरं. खोबऱ्यात तेल, पेढ्यात खवा आणि साखर, एका रविवारात तिचं पोट ढवळून निघतं आणि सोमवारी तू मला रडत फोन करतेस. पंचखाद्यातले बेदाणे तर कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कापूरही तसाच, ताटातून खाली पडलेला तुकडा तिच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. दाराशी पाटी लाव, "पिलाला काही घालू नका". लोकांना वाईट वाटेल असं तुला वाटतंय ना? वाटू दे थोडं.

यात्रेचं मात्र आतापासून मनात धर. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचत येतात, हलगी, पिपाणी, लाखांचा जमाव, "चांगभलं"चा गजर आणि गुलालाने माणूस ओळखू येत नाही. त्याआधी माघातले खेटे, मग श्रावण षष्ठी, आणि दर रविवारची पालखी आहेच. तोफेची सलामी झाली की मोठं कुत्रंही दचकतं, हौशीचं काय! पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं-ऐकतं ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. म्हणजे तुझे हेच दिवस कामाचे. हलगीचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लाव, ती जेवत असताना. रोज जरासा वाढव. कान पाडले की कमी कर. लसी पुऱ्या व्हायच्या आधी वाटेवर खाली सोडू नकोस, पण कडेवर घेऊन सकाळच्या कमी गर्दीत पायऱ्यांपर्यंत फिरवून आण की. शेंडी, फेटा, घोडा, छत्री, सगळं दिसू दे.

आणि पालखीच्या वेळी मात्र तिचा पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, रस्त्यापासून लांब, पंखा चालू, वरून जुनं लुगडं टाकलेलं, एक बाजू हवेला उघडी. त्याआधी परसात नेऊन आण, आत चघळायला गाजर दे. आता इथे तुला कळेल मी पिंजऱ्यासाठी एवढी मागे का लागलेय. दारं सताड उघडी, घरात ओळखी-अनोळखी माणसं, अशा वेळी घाबरलेलं पिल्लू पायांतून निसटतं आणि गर्दीत कुठे जाईल नेम नाही. ओळखीच्या पिंजऱ्यात ती झोपेल. त्या दिवशी पहिल्यांदा पिंजऱ्यात घातलीस तर मात्र नक्कीच किंचाळेल. गुलाल अंगावर पडला तर चाटायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घे, पंजे आधी.

पावसाळ्याची तर तुला सवयच आहे, धुक्यात समोरचं घर दिसत नाही तुमचं. कारवानीला पाऊस म्हणजे शत्रू. दारातून बाहेर नाक काढेल आणि मागे फिरेल. म्हणून म्हटलं शेडखालचीच जागा धर. तिथेही चिखल झाला तर एका पसरट घमेल्यात कोरडी माती भरून ठेव, वर थोडी जुनी, तिच्या वासाची. आत आली की अंग कोरडं पूस, पंजांच्या मधे विशेष. लेप्टोची लस पावसाच्या आत झालेली बरी, उंदरांच्या मुताच्या पाण्यातून तो आजार येतो.

लसींवरून आठवलं. पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. तोवर यात्रेकरूंच्या वाटेवर तिला जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला खाली कोल्हापूर गाठायचं. थेंब थेंब सारखी शू, करताना कण्हणं, रक्त, हे दिसलं तर शिस्तीचा दोष नाही, मूत्रमार्गाला संसर्ग झालेला असू शकतो, डॉक्टरांना दाखव. आणि पिलाचे दात छोट्याला लागले तर "आपलंच आहे की" म्हणून सोडू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

घाबरलीस का एवढं ऐकून? नको गं. तू पन्नास माणसांची पंगत उठवतेस, छोट्याचं दुखणंखुपणं काढतेस, आणि एवढ्याशा पिलाच्या शूपुढे हरशील होय? सगळं एकदम करू नकोस. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितेस ना, त्याच्या शेजारी पेन्सिलीने हौशीच्या शी-शूच्या वेळा मांड, घरातल्या सगळ्यांनी मांडा. चार-पाच दिवसांत तुलाच तिची चाल कळेल, कधी करते, कुणाच्या पाळीत चुकते. चुकणाऱ्याचं नाव पुढे लिहायला हरकत नाही, आमच्याकडे त्यानेच निम्मं काम झालं.

मी मंगळवारी वर येते. रविवारी नको, रविवारी तुला माझ्याकडे बघायलाही फुरसत नसते. टिप्याचा जुना पिंजरा माळ्यावर आहे, तो घेऊन येईन, मधली फळी नवी लावावी लागेल. म्हणून आज ती झोपली की सुतळीने माप घे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, आणि उठून बसली की जमिनीपासून कानापर्यंत उंची, दोन्हींत चार बोटं जास्त धर. गाठ मारून ठेव आणि मला सेंटिमीटरमध्ये कळव, सुताराला "एवढी" म्हणून हात पसरून दाखवलं की तो मला हसतो.